धाकटीचा बांध

नगरपालिकेच्या कचेरीत विकास आराखड्याचा नकाशा भिंतीवर लागला, त्या दिवशी मालक मला बरोबर घेऊन तो पाहायला गेले. त्यांच्या शेतावर रंग भरला होता. नकाशाच्या कोपऱ्यात रंगांचे अर्थ दिले होते. त्या रंगापुढे 'निवासी' असं लिहिलं होतं. शेतात भात उभं होतं.

मालकांनी टोपी काढून काखेत धरली आणि नकाशाला नाक लागेल इतके ते जवळ गेले. बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग टेबलामागच्या कारकुनाला म्हणाले, "साहेब, ह्यात बांध कुठं हाय?"

"कसला बांध?"

"खारीचा. हिकडं खाडी, हिकडं शेतं, मधी बांध. तो न्हाय काढलेला."

"आजोबा, काही हरकत असेल तर लेखी द्या. मुदत आहे अजून."

"हरकत न्हाय. रंग चांगला हाय," मालक म्हणाले. "पन बांध काढायचा रायलाय. खाडीला कसं कळंल, कुठं थांबायचं?"

रांगेतली दोन-तीन माणसं हसली. कारकूनही हसला. मालकांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि आम्ही बाहेर आलो. नकाशात बांध नाही, एवढी एकच चूक त्यांना दिसली होती, आणि ती कुणीतरी दुरुस्त करील याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

मालक म्हणजे आमचे घरमालक. गिरगावातल्या एका खोलीतली दाटी सोडून आई, बाबा आणि मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भाईंदर पश्चिमेला, त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आलो. उत्तनच्या रस्त्यावरचं ते ख्रिस्ती शेतकऱ्यांचं जुनं गाव. मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात नुकतीच नोकरीला लागले होते. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. मालकांना या नोकरीचं फार नवल वाटे. "दुसऱ्याच्या चुका काढायच्या नि वर पगार?" असं ते बाबांना दर काही दिवसांनी नव्यानं विचारत. आराखड्याचा नकाशा पाहून आल्यावरही ते सरळ बाबांकडे आले. "मास्तर, तुमचंच काम निघालंय. त्या नकाशात चूक हाय. बांध घाला." बाबांनी खरोखरच स्वच्छ अक्षरात हरकतीचा अर्ज लिहून दिला. त्याची पोच मिळाली. पुढे काही आलं नाही.

मालकांची माझी पहिली ओळख झाली ती चाखण्यातून. आम्ही सामान लावत होतो तेव्हा ते दारात आले. आईनं पाणी दिलं. त्यांनी एक घोट तोंडात घेतला आणि तो तसाच धरून उभे राहिले. आईला वाटलं, पाण्यात काही पडलं की काय. घोट गिळून ते म्हणाले, "इहिरीचं हाय. गोड हाय. ऱ्हावा तुमी." जणू आमचं राहणं त्या घोटावर अडलं होतं. पुढे कळलं की खारीत शेती करणाऱ्या माणसाला खारेपणाचीच धास्ती असते, आणि मालकांची ती सगळी धास्ती जिभेत जमा झाली होती. शेतातलं पाणी, चरातलं पाणी, बांधाच्या कडेची माती, सगळं ते बोटानं जिभेला लावत. आईच्या आमटीत मीठ जास्त आहे हे त्यांनी एकदा अंगणातून वासावर सांगितलं, आणि आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणत असू. मावशी म्हणायच्या, "लगनाच्या दिवशी पादरी मंत्र बोलत व्हता नि ह्यांचं ध्यान माज्या बापाच्या इहिरीत."

त्यांच्या वडिलांच्या काळात घरची जमीन बरीच होती. कुळकायदा आला आणि ज्या कुळांनी ती कसली त्यांच्या नावावर ती झाली. याबद्दल मालकांच्या तोंडून मी कधी कडवट शब्द ऐकला नाही. ते म्हणत, "लगनं झाली त्यांची. राबनाऱ्याच्या घरात गेल्या. बरं झालं." त्यांच्या शेतांना नावं होती. थोरली, लांबडी, चिंचेखालची. या सगळ्या दिल्या घरी गेल्या. उरली ती धाकटी. ती त्यांच्या घरामागून सुरू होऊन बांधाला जाऊन भिडायची. "ही घरातच ऱ्हानार," असं ते सांगत, आणि आवाज असा असायचा की समोरच्यानं जणू तिला मागणी घातली आहे.

या हिशेबानं सरकार त्यांचा व्याही लागत होतं. तलाठी येवो, मोजणीवाला येवो, नगरपालिकेचा घरपट्टीवाला येवो, ते आत आवाज द्यायचे, "व्याही आलेत गो, चाय ठेव!"

आतून मावशी विचारायच्या, "परत? आता कोन रायलीय द्यायला?"

कापणीच्या आधी ते दिल्या घरच्या शेतांना भेटायला जात. मी सुट्टीच्या दिवशी कधीकधी बरोबर जाई. ते शेताच्या कडेला उकिडवे बसत, एक लोंबी वाकवून दाणा चावत आणि तोंड हलवत राहत. थोरली ज्याच्याकडे गेली होती तो आगरी शेतकरी त्यांच्याच वयाचा होता. लांबूनच ओरडायचा, "काय मालक, पोरीला बगायला आलाव?"

"सुकलीय रं. जेवाया घालतोस ना?"

"तुमचीच पोर हाय. खाते किती तं इचारू नका!"

मग दोघं तिथेच विडी ओढत बसत. कायद्यानं एकाचं काढून दुसऱ्याला दिलं होतं, पण त्या दोघांना पाहून ते कळलं नसतं. याचं कारण पुढे माझ्या लक्षात आलं. जमीन वाटली गेली होती, बांध वाटला गेला नव्हता.

ती सगळी शेतं कधीकाळी खाडीतून मिळवलेली. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधात एक उघाडी. उघाडी म्हणजे दोन दगडी खांब आणि त्यांच्यामध्ये लाकडी दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानं ते मिटायचं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर जायचं. बांधाचे वाटे पाडलेले होते. प्रत्येक शेताला बांधाचा एक तुकडा. शेत कुणाचंही होवो, तुकडा शेताबरोबर जायचा. ज्याचं शेत त्यानं होळीच्या आधी खाडीतली चिकणमाती काढून आपल्या तुकड्यावर चढवायची. पण कुठे खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर वाटा कुणाचा ते विचारायचं नाही. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं डबा बडवत गावातून जायचं, आणि ज्याच्या कानावर पडेल त्यानं घमेलं घेऊन यायचं. खारं पाणी एका शेतात शिरलं की ते सगळ्या शेतांत शिरतं.

आराखड्यानंतर हे सगळं सैल झालं. शहरातल्या जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा होताच. तोवर शेती म्हणून ही शेतं त्यातून बाहेर राहत होती. आता नकाशात घरांचा रंग आला, म्हणजे पीक उभं असलं तरी ती शेतजमीन धरली जाणार नाही, जादा ठरली तर सरकार घेऊन जाईल, असं लोक एकमेकांना सांगू लागले. कायदा वाचलेला कुणी नव्हता. बाबांनी वाचला. लोक सांगत होते त्यात पुष्कळ खरं होतं. सरकारनं नेण्यापेक्षा आपणच बिल्डरला द्यावी, असा विचार घराघरांत झाला. त्यात लोभ नव्हता असं नाही, पण मी जे पाहिलं त्यात भीती जास्त होती.

थोरली विकण्याच्या आधी तो आगरी शेतकरी मालकांना सांगायला आला. ओट्यावर बसून म्हणाला, "सरकार न्हेल म्हंतात. त्याच्या आदी सोडतंय."

"तुजी हाय. तुजा हक हाय," मालक म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बिल्डरला वाटा सांगितलास काय?"

"कसला वाटा?"

"थोरलीचा. उघाडी तिच्याच वाट्यात येते."

तो माणूस उठून निघाला. त्याला वाटलं असावं, मालक आपल्याला टोमणा मारताहेत. मालकांना टोमणे जमत नव्हते.

थोरलीपाठोपाठ लांबडी गेली, बाकीची शेतंही गेली, आणि दोन-तीन वर्षांत थोरलीवर पहिल्या दोन इमारती उभ्या राहिल्या. मग एका वर्षी होळी जवळ आली तरी बांधावर माती चढली नाही. मालकांनी स्वतःचा तुकडा नेहमीसारखा गुळगुळीत करून घेतला आणि ते खाडीकाठचे बांध बघणाऱ्या खारभूमी खात्याच्या कचेरीत गेले. तिथे सांगण्यात आलं की ही जमीन आता शेतीची राहिलेली नाही, नगरपालिकेत विचारा. नगरपालिकेत सांगण्यात आलं की बांध आमच्याकडे येत नाही. मावशी म्हणाल्या, "बगा, व्याहीबुवा कसे एकमेकाच्या घरी धाडतात." त्यांचा मुलगा आखातातून फोनवर सांगत होता की विकून मोकळे व्हा. मालक फोनवर "हां, हां" म्हणत आणि खाली ठेवून धाकटीत जात.

शेवटी ते मला म्हणाले, "बाय, उद्या रजा घे. थोरलीच्या सासरी जायचंय."

बिल्डरची कचेरी मिरा रोडला, शांती नगरच्या बाजाराजवळ होती. मालकांनी चर्चला जायचा कोट घातला होता. काचेच्या दाराआड एक गुजराती मॅनेजर बसले होते. मऊ बोलणारे, अगत्याचे गृहस्थ होते. "आवो काका, बैठो. फ्लॅट देखना है?"

"फ्लॅट न्हाय. थोरली तुमीच घेतलीव ना?"

मॅनेजरचा चेहरा उतरला. मी घाईघाईनं सांगितलं की थोरली हे शेताचं नाव आहे. "अच्छा अच्छा! वो प्लॉट!" ते मोकळेपणानं हसले. "बोला ना काका, काय प्रॉब्लेम?"

"प्रॉब्लेम न्हाय. तिच्या मागं बांधाचा वाटा येतो. होळीपतूर माती घालाया पायजे. उघाडीचं दार कुजलंय, गळतंय. तुमच्याच वाट्यात हाय."

"मतलब भरती का पानी अंदर आता है?"

"येतं थोडं."

मॅनेजरनी वहीवर काहीतरी टिपून घेतलं. "हो जायेगा काका. आपण करून टाकू. तुम्ही एवढं लांब कशाला आलात, निरोप पाठवायचा." त्यांनी चहा मागवला आणि लक्ष्मीचं चित्र असलेलं कॅलेंडर मालकांच्या हातात ठेवलं. मालकांनी चहाचा घोट तोंडात धरला, मग गिळला. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "बोरिंगचं पानी हाय. पन मानूस भला. बगितलंस? एक शब्द उलटा न्हाय. व्याही असावा तं असा."

मॅनेजरनी शब्द पाळला. मालक तापानं अंथरुणाला खिळले होते त्या आठवड्यात डंपर आले, थोरलीच्या वाट्यावर विटांचा रोडा पडला, वर मुरूम पसरला. उघाडीचं दार गळत होतं, म्हणून कामगारांनी दोन खांबांच्या मधली जागा सिमेंटनं भरून टाकली. मालक उठून बघायला गेले तेव्हा सिमेंट वाळलं होतं.

"हे दार हाय," ते मुकादमाला म्हणाले.

"लीकेज बंद कर दिया चाचा. अब एक बूँद नहीं आयेगा."

"आयेगा न्हाय. जायेगा कुठनं?"

मुकादमाला प्रश्न कळला नाही. मालक पुन्हा मिरा रोडला गेले. या वेळी एकटेच. मॅनेजर म्हणाले, "काका, आपनेही बोला था ना." ते बरोबर होतं. आता काही करायचं तर वर विचारावं लागेल, असंही ते म्हणाले. मालकांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "त्यांनी वाटा केला. मीच सांगाया गेलो व्हतो." नंतर ते हे वाक्य अनेकदा म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे. स्वतःला समजावून सांगितल्यासारखं.

पावसाळा आला. थोरली आणि लांबडी भरावानं उंच झाल्या होत्या. त्यांच्यावरचं पाणी धाकटीत उतरू लागलं. तिथून त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. आधी धाकटीतलं आवण, म्हणजे लावलेलं कोवळं भात, बुडालं. मग पाणी मालकांच्या अंगणात आलं, मग आमच्या खोल्यांत, मग साइटखालच्या सखल जागेतल्या मजुरांच्या झोपड्यांत. बाबांनी पुस्तकं माळ्यावर चढवली. नगरपालिकेला फोन झाले. मजुरांच्या बायका पोरांना कडेवर घेऊन मालकांच्या ओट्यावर उभ्या होत्या, आणि मावशी त्यांना चहा देत होत्या.

सकाळी मालक टोपी घालून, कुदळ घेऊन निघाले. बाबा आणि मी मागोमाग गेलो. खाडीला ओहोटी लागली होती. बांधाच्या एका अंगाला चिखल उघडा पडत होता, दुसऱ्या अंगाला पाणी काठोकाठ. मालकांनी आधी उघाडीच्या सिमेंटवर घाव घातले. कुदळ उसळून परत येत होती. ते थांबले, आणि बांधावरून चालत चालत धाकटीच्या वाट्यावर आले. तिथली माती तुळतुळीत होती, गवताची काडी नव्हती.

बाबांना तेव्हा कळलं. "मालक, तिकडे रोड्याचा भाग आहे, तिथे फोडा ना. तो सैल आहे."

"तो थोरलीचा हाय. दुसऱ्याचा वाटा कापायचा न्हाय, मास्तर."

"पण पुन्हा भरती येईल. धाकटीत खारं पाणी शिरेल."

"येईल तं. त्याच्या आदी बुजवू. डबा वाजवला का मानसं येतात."

त्यांनी स्वतःच्या तुकड्यावर कुदळ घातली. बारीक चर पडला, पाण्यानं तो पाहता पाहता रुंद केला आणि आतलं सगळं पाणी खाडीकडे धावलं. आमच्या खोल्यांतून पाणी उतरलं. झोपड्यांतून उतरलं. धाकटीतलं आवण चिखलात आडवं झालेलं दिसू लागलं. ते अजून हिरवं होतं.

मग मालकांनी पत्र्याचा डबा घेतला आणि ते तो बडवत निघाले. गावातून गेले, मग थोरलीवर उभ्या राहिलेल्या पहिल्या दोन इमारतींच्या मधून गेले, कारण तिथे राहणारी आता थोरलीचीच माणसं होती. बाल्कन्यांतून लोक डोकावले. एक बाई लगबगीनं खाली उतरल्या. त्यांच्या हातात जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी होती. "भैया, क्या भाव लेते हो?"

मालकांनी टोपी काढली आणि म्हणाले, "बांध फुटलाय, बाय. घमेलं घेऊन ये." बाई संकोचून हसल्या, आणि रद्दी घेऊन वर गेल्या.

बांधावर आले ते गावातले काही म्हातारे, मजुरांपैकी काही जण, ऑफिसच्या पँटीतले बाबा, आई, मी. आणि तो आगरी शेतकरी आला. त्याच्याकडे आता शेत नव्हतं, तरी त्यानं डबा ऐकला होता. आम्ही माती टाकत राहिलो. पूर्वी या कामाला अख्खं गाव रांगेत उभं राहायचं. आम्ही टाकलेली माती खांडीत पडून विरघळत होती. मग खाडीत पाणी फिरलं. आधी चिखलावरून जीभ फिरवल्यासारखं आलं, मग भरभर चढलं, आणि आम्ही टाकलेलं सगळं घेऊन आत शिरलं.

मालक खाली उतरले. धाकटीच्या कडेला वाकून त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"आली," ते म्हणाले, आणि कुदळ खांद्यावर टाकून घरी गेले.

ऑक्टोबरात गावच्या चर्चमध्ये आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वेदीपुढे ठेवून त्यांना आशीर्वाद देतात. मागची काही वर्षं त्या लोंब्या धाकटीतून जात होत्या, कारण दुसरं शेत उरलं नव्हतं. त्या वर्षी तरुण मंडळींनी वसईकडून टेंपोत घालून लोंब्या आणल्या. प्रार्थनेनंतर मालकांच्या हातातही एक जुडी आली. आम्ही दाराशी उभे होतो. त्यांनी दाणा चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"चांगली हाय," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या घरची हाय, पन चांगली हाय."

त्यानंतर ते काही वर्षं होते. शेतावर जाणं थांबलं. पाणी चाखणंही हळूहळू थांबलं. आईनं दिलेलं पाणी ते आता इतरांसारखं एका दमात पिऊ लागले, आणि ते पाहून आई आत जाऊन रडली होती. मॅनेजर एकदा स्वतः घरी आले. धाकटीचं काही करायचं असेल तर आम्ही आहोत, असं सांगत होते. मालक म्हणाले, "ती खाडीला दिली. आता खाडीशी बोला." नव्वदीचं दशक संपता संपता ते गेले. मावशी मुलाकडे गेल्या. आम्ही बोरिवलीला आलो.

ज्या कायद्याच्या भीतीनं थोरली आणि लांबडी गेल्या, तो पुढे सरकारनं रद्द केला. बाबांनी पेपरात वाचून दाखवलं. मालक असते तर त्यांनी आत आवाज दिला असता, आणि मावशींनी चहा ठेवला असता.

मागच्या महिन्यात मी तिथे जाऊन आले. धाकटीत तिवरं वाढली आहेत. कडेला सरकारी पाटी आहे. कांदळवन संरक्षित आहे, इथे भराव टाकायला आणि बांधकाम करायला मनाई आहे, असं तिच्यावर लिहिलं आहे. धाकटी कुणी विकली नाही, आणि आता कुणाला विकताही येणार नाही. मालकांचा वाटा होता तिथून भरती आत येते आणि ओहोटी बाहेर जाते. उघाडीचे दोन खांब उभे आहेत. त्यांच्यामधलं सिमेंट तसंच आहे.